आठच्या स्पीडला

शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मध्यंतरी एका वकील मैत्रिणीसोबत उभी होते. कुठल्याशा सोसायटीतल्या भांडणाचं सीसीटीव्ही फुटेज तिला सीडीवर घालून हवं होतं. हल्ली सीडी म्हटलं की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो. इथल्या पोरानं मात्र सराईतपणे ड्रॉवर उघडला, यूएसबीवर चालणारा चपटा रायटर काढला, पाऊचमधली ब्लँक डिस्क ट्रेवर टक्‌ करून बसवली. स्क्रीनवर स्पीड निवडायची यादी उघडली आणि मागून आवाज आला, "आठनं मार रे. कोर्टात चालली पाहिजे." वळून पाहिलं. पांढरा शर्ट, खांद्याला फायलींची पिशवी. कुणा वकिलांकडचे जुने कारकून असावेत. पोरगा म्हणाला, "काका, आठ नाहीच यात. दहा, सोळा, चोवीस." काकांना ते पटलं नाही. "मग दहानं मार," असं त्यांनी आमच्या कामाबद्दल परस्पर ठरवून टाकलं. मैत्रिणीनं मान डोलावली, पोरानं दहा निवडलं, आणि मीही गप्प उभी राहिले.

फुटेज जेमतेम दीडशे एमबीचं. चोवीस निवडलं असतं तर फार तर मिनिटभर वाचलं असतं, आणि त्या मिनिटाचं आम्ही काय केलं असतं कोण जाणे, कारण पुढचा अर्धा तास फुटेजसोबत कोर्टात द्यायच्या सर्टिफिकेटवर सही कुणाची यातच गेला. पण तो आठचा आकडा काही डोक्यातून जाईना. काकांचा चेहरा इतका खात्रीचा होता की त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. शिवाय तो आकडा मला नवा नव्हता. तो मी मामांच्या तोंडून ऐकत वाढले.

कराडला मामांचा फोटो स्टुडिओ. म्हणजे अजून आहे, पण आता मामेभाऊ बघतो आणि तिथं सीडी कुणी मागत नाही. सुट्टीत मी दुकानात जायचे ती एसीसाठी. घरात नव्हता, दुकानात आतल्या खोलीत होता आणि तोही कॉम्प्युटरसाठी, माणसं त्याच्या जिवावर गार व्हायची. त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. ब्लँक डिस्कांच्या नव्या डब्याचं, स्पिंडलचं, झाकण फिरवून उघडलं की येणारा गोडसर प्लॅस्टिकचा वास, त्यात मार्करचं स्पिरिट आणि लॅमिनेशनच्या मशीनचा तापलेला दर्प. बाहेरच्या खोलीत एक बाकडं आणि त्याच्यासमोर छतापर्यंत फ्रेमा. सोनेरी नक्षीच्या, साध्या काळ्या, नवराबायकोसाठी बदामाच्या आकाराच्या. गिऱ्हाईक बाकड्यावर, मामा आत, आणि मी मामांच्या शेजारी स्टुलावर, कारण स्क्रीनवरचे इंग्रजी मेसेज मला भराभर वाचता यायचे. सीडी लिहायचं निरो नावाचं सॉफ्टवेअर उघडलं की जळणाऱ्या कोलोसियमचं चित्र दिसायचं. कराडच्या त्या खोलीत बसून रोज रोमला आग लागलेली बघणं मला फार भारी वाटायचं.

पहिला रायटर चारचा होता. एकचा वेग म्हणजे गाण्याची सीडी ज्या वेगानं वाजते तो, डेटाच्या भाषेत सेकंदाला १५० केबी. तेव्हा ८० मिनिटांची, ७०० एमबीची डिस्क एकनं भरायला ८० मिनिटं लागणार. दोननं ४०, चारनं २०, आठनं १०, सोळानं ५. ही उतरंड मी तेव्हा स्टुलावर बसून बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून काढली होती, आणि लिहिताना मला काही खास दिसलं नव्हतं. आज दिसतं. दर वेळी वेग दुप्पट होतो, पण हातात पडणारा वेळ आधीच्या निम्माच असतो. एकवरून दोनवर गेलेल्या माणसाला ४० मिनिटं मिळाली. चारवरून आठवर आलेल्या मामांना दहा. आठवरून सोळावर गेलं की पाच. त्यापुढं खोक्यावरचे आकडे फुगत गेले आणि भांडण उरलं सेकंदांचं. चाळीसचा रायटर आणि बावन्नचा रायटर यांच्यात पूर्ण डिस्कमागं अर्ध्या मिनिटाच्या आसपास फरक पडायचा. तेवढ्यात मामांचं डिस्कवर नाव लिहून व्हायचं नाही. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि ते "चि. सौ. कां." पूर्ण लिहायचे.

पण चारच्या दिवसांतली खरी भानगड वेळेची नव्हतीच. भीतीची होती. राईट सुरू झालं की मामा माउसवरचा हात काढायचे आणि मलाही काढायला लावायचे. स्क्रीनसेव्हर बंद, गाणी बंद, इंटरनेटची वायर काढलेली. लेझर एकदा सुरू झाला की त्याला सलग डेटा हवा असायचा. हार्डडिस्क जरा अडखळली, रायटरच्या पोटातला थोडासा साठा संपला, की "बफर अंडररन" असा मेसेज यायचा आणि डिस्क गेली. अर्धी लिहिलेली, कशाच्याही कामाची नाही. ब्लँक डिस्क तेव्हा काही स्वस्त नव्हती. गेलेल्या डिस्का मामी घरी न्यायची आणि परड्यात पाखरं हाकायला दोऱ्यानं टांगायची, तेव्हा परड्याकडं बघून दुकानाचा आठवडा कसा गेला ते कळायचं. आठवर मामांचा विश्वास बसला तो या काळात. जेवढं हळू, तेवढी हार्डडिस्कची दमछाक कमी, तेवढी डिस्क वाचायची शक्यता जास्त. हे अंधश्रद्धेतलं नव्हतं, साधा हिशोब होता. नवीन आठचा रायटर आला तरी महत्त्वाचं काम चारनं, पुढं सोळाचा आला तेव्हा आठनं. त्यांचा नियम कायम एक पायरी खाली राहण्याचा होता. आठवर तो नुसता येऊन थांबला.

२००० साली सान्यो कंपनीचं बर्न-प्रूफ नावाचं तंत्र रायटरमध्ये यायला लागलं. डेटा कमी पडला तर लेझर थांबतो, कुठं थांबलो ते लक्षात ठेवतो, साठा भरला की तिथूनच पुढं लिहितो. मधली फट इतकी बारीक की वाचणाऱ्या यंत्राच्या चूक-दुरुस्तीला ती सहज पचते. मग इतर कंपन्यांनीही आपापल्या नावानं तेच आणलं. मला विचाराल तर रायटरच्या सगळ्या इतिहासात माणसाच्या रोजच्या जगण्यात खरा फरक पाडला तो या एका गोष्टीनं. पण ती विकायला अवघड, कारण तिला आकडा नाही. "आता डिस्क वाया जाणार नाही" हे खोक्यावर केवढ्या अक्षरात छापणार? ५२ मात्र तळहाताएवढा छापता येतो. आमच्या दुकानात तो बदल कसा कळला सांगू का? मामा राईट चालू असताना माउसला हात लावायला लागले.

वेगाचा एक फायदा मात्र आमच्याकडं शंभर टक्के खरा होता, आणि तो कुठल्याच खोक्यावर छापलेला नव्हता. लोडशेडिंग. लाईट गेल्यावर बर्न-प्रूफ काय करणार, मशीनच मेलं. वेळापत्रकाप्रमाणे जाणारी लाईट परवडली, तिच्याभोवती कामं लावता येतात. न सांगता जाणारी वाईट. दुकानातल्या यूपीएसची बॅटरी पाचेक मिनिटं तग धरायची, शेवटी शेवटी तेवढीही नाही. चारनं वीस मिनिटांची डिस्क लिहिताना ती पाच मिनिटं म्हणजे नुसता टीं-टीं आवाज ऐकत बसायचं. सोळानं लिहिताना तीच पाच मिनिटं काठोकाठ पुरायची. बत्तीसला तर निवांत. त्यामुळं आमच्या गावापुरतं बोलायचं तर सोळा ही खरी पायरी होती: यूपीएसच्या आत मावणारी. त्याच्या पुढचं सगळं हौसेचं. असा निष्कर्ष कुठल्या इंग्रजी मासिकातल्या तुलनेत आला असता असं वाटत नाही, कारण तिथं लाईट जात नसावी.

हौस मामांनाही होती. बावन्नचा रायटर आला तेव्हा शेजारचा मोबाईलवाला, पलीकडचे टेलर, सगळे आतल्या खोलीत बघायला जमले होते. डिस्क आत गेली, गरगर वाढत गेली आणि टेबल थरथरायला लागलं. पेनस्टँडमधली पेनं वाजत होती. चारचा रायटर चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागायचं. हा मात्र विमान उडायच्या बेतात असल्यासारखा. तीन मिनिटांच्या आत डिस्क बाहेर. टेलर म्हणाले, "चटका बसतोय की!" खरंच गरम होती.

त्या ५२ मध्ये एक मेख होती, ती मला कॉलेजात गेल्यावर कळली. हा वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या काठाला मिळतो. जुने हळू रायटर आत असताना डिस्क जास्त फेऱ्यांनी आणि काठाकडं जाताना कमी फेऱ्यांनी फिरवायचे, म्हणजे लेझरखालून सरकणारा पट्टा कायम एकाच वेगानं जायचा. बावन्नला हे जमत नाही. आतल्या बाजूला एकच्या वेगाला मिनिटाला सुमारे ५०० फेरे लागतात. त्याचे बावन्नपट म्हणजे २६ हजार. एवढ्या फेऱ्यांना ते प्लॅस्टिक टिकणार नाही, आधीच तडा असलेली डिस्क तर दहा हजारांतही ड्राईव्हमध्ये फुटायची. म्हणून फेरे दहा हजारांच्या जरा वर नेऊन तिथंच बांधून टाकले, आणि मग जत्रेतल्या गोल चक्रावर बाहेरच्या घोड्यावर बसलेला आतल्यापेक्षा जोरात जातो तसं काठाला ५२ मिळालं. आतल्या बाजूला तेच यंत्र बावीसच्या आसपास. आणि सीडी लिहिली जाते आतून बाहेर! म्हणजे आमच्यासारखी दीडशे-दोनशे एमबीची डिस्क असेल, पासपोर्ट फोटो, बायोडेटा, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं एक नृत्य, तर बावन्नचा रायटर बावन्नला कधी पोचायचाच नाही. काठ येण्याआधीच काम संपायचं. मामांच्या दुकानातल्या बहुतेक डिस्का अशा होत्या. त्या रायटरनं आयुष्यात किती वेळा खरा बावन्नचा वेग बघितला असेल? अर्धवट भरलेल्या डिस्कांच्या त्या दुकानात फार थोडा.

त्यात भर म्हणजे वेगाचा ज्याच्याशी संबंध नाही असा वेळ. डिस्क ओळखणं, लेझरची ताकद किती ठेवायची ते डिस्कच्या आतल्या कडेला जरासं लिहून तपासणं, शेवटी फायनलाईज करणं, म्हणजे प्लेअरला वाचता येईल अशी डिस्क बंद करणं. यात अर्धं मिनिट कुठल्याही रायटरला जायचंच. फोटो पेनड्राईव्हवरून थेट लिहायला घेतले आणि यूएसबी जुनं असलं तर वायरीतून सेकंदाला एक एमबीच यायचा, म्हणजे रायटर बावन्नचा असो की शंभरचा, काम सहा-सातच्या वेगानं. आणि लिहून झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं मूळ फाईलशी ताडून बघणं. मामांचं व्हेरिफायशिवाय पान हलत नसे.

सगळ्यात मोठी थट्टा लग्नाच्या सीडीत होती. कॅसेटवर शूट केलेलं लग्न कॉम्प्युटरवर घ्यायला जितक्या तासांचं शूटिंग तितके तास. मग मिक्सिंग, म्हणजे नवरीच्या चेहऱ्यामागून उगवणारा सूर्य, कमळातून बाहेर येणारी नवरानवरी, वरमायांच्या नावांच्या उडत्या पाट्या. मग त्याचं व्हीसीडीच्या, म्हणजे प्लेअरवर चालणाऱ्या व्हिडिओ सीडीच्या, साच्यात रूपांतर. ते मशीन रात्रभर लावून ठेवायचं आणि सकाळी येऊन बघायचं, पडलं नसलं तर देव पावला. एका डिस्कवर ८० मिनिटं, म्हणजे ऐपतीप्रमाणं दोन किंवा तीन डिस्का. एवढं झाल्यावर शेवटी रायटर आपलं काम पाचऐवजी तीन मिनिटांत करून फुशारकी मारणार. संगणकशास्त्रात याचं सूत्रच आहे, जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादावरून आलेलं: कामाचा जो तुकडा तुम्ही वेगवान करता तो मुळात एकूण कामाचा किती हिस्सा आहे, त्यावर सगळा फायदा अवलंबून. कॉलेजात ते शिकताना माझ्या डोळ्यांपुढं कमळातली नवरानवरी आली होती. आणि व्हीसीडी बघायची कशी? प्लेअरमध्ये, एकच्या वेगानं. बावन्ननं लिहिलेलं लग्न शेवटी एकनंच बघायचं.

हे सगळं खरं असूनही कारकून काकांचं म्हणणं निराळं होतं. त्यांना वेळेशी देणंघेणं नव्हतं. सावकाश लिहिलेली डिस्क जास्त चालते, असं त्यांचं म्हणणं.

यात तथ्य होतं, आणि म्हणूनच ते मेलं नाही. छापील सीडीवर डेटा बारीक खड्ड्यांनी उमटवलेला असतो; सीडी-आरमध्ये, म्हणजे आपण रायटरनं लिहितो त्या डिस्कमध्ये, खड्डे पडत नाहीत. रंगाचा एक थर असतो आणि लेझरच्या उष्णतेनं जागोजागी त्याचं रूप बदलतं. सुरुवातीच्या डिस्कांचे रंग मंद आचेसाठी केलेले होते. निळसर-हिरवट झाक मारणाऱ्या, सोनेरी झाक मारणाऱ्या, गडद निळ्या, सगळ्यांचं वागणं वेगळं. चारच्या डिस्कवर सोळानं लिहिलं तर खुणा धड उमटायच्या नाहीत. त्यात आपल्याकडचे जुने प्लेअर आणि गाडीतले टेप सीडी-आर बघून आधीच नाक मुरडायचे, कारण ती छापील सीडीइतकी चकाकत नाही. गाण्याच्या सीडीला तर डेटाच्या सीडीसारखा चूक-दुरुस्तीचा जादा थरही नसतो. तेव्हा गाण्याची डिस्क हळू लिहिणाऱ्यांचा अनुभव खोटा नव्हता. गोष्ट इतकीच झाली की पुढं डिस्काच बदलल्या. बावन्नसाठी केलेल्या डिस्कचा रंगाचा थर जोरदार लेझर, क्षणभराचा स्पर्श, असा हिशोब धरून केलेला असतो, आणि रायटरच्या आतही त्या त्या डिस्कसाठी ताकदीचं कोष्टक भरलेलं असतं. तिला एकदम कमी वेगानं लिहिलं तर ती जास्त चांगली होईलच असं नाही, कधी वाईटही होते. म्हणून तर आताच्या रायटरच्या यादीत आठ नाही. काकांनी मागितलेला आकडा यंत्रानं कधीच काढून टाकला होता, आणि काका त्याच्या जागी सगळ्यात जवळचा आकडा घेऊन समाधान मानत होते. मला माणूस आवडला.

कोर्टापुरतं बोलायचं तर तिथंही आता वेगळं माप आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या सर्टिफिकेटमध्ये फाईलची हॅश, म्हणजे फाईलमधल्या डेटावरून गणितानं काढलेला आकडा, लिहावी लागते. फुटेजमधला एक बिट इकडचा तिकडं झाला तरी तो आकडा पार बदलतो. दहानं लिहा, चोवीसनं लिहा, डिस्क वाचली गेली आणि हॅश जुळली की विषय संपला. मैत्रिणीला हे माहीत होतं. तरी तिनं मान का डोलावली, असं रिक्षात विचारलं तर म्हणाली, "अगं, ते काका तीस वर्षं तिथं आहेत."

दिवाळीत कराडला गेले तेव्हा हा विषय मामांपुढं काढला. मामा आता दुकानात फक्त संध्याकाळी येतात, बाकड्यावर बसतात. माळ्यावर स्टुडिओच्या जुन्या कॉप्यांचा डबा होता, तो मामेभावाकडून काढून घेतला आणि त्याच्या मशीनला एक रायटर लावून आम्ही एकेक डिस्क घालून बघितली. मामांनी प्रत्येक डिस्कवर आतल्या गोलात बारीक अक्षरात वेग लिहिलेला होता. हे मला माहीत नव्हतं. ४, ८, १६, कुठं ५२. निकाल काही सरळ लागला नाही. चारनं लिहिलेल्या काही डिस्का स्वच्छ चालल्या, काही ट्रेमध्ये नुसत्या घरघरल्या. बावन्नवाल्यांचंही तेच. फरक पडला होता तो दुसऱ्याच गोष्टींनी. खिडकीजवळच्या पाकिटातल्या, उन्हानं फिकट झालेल्या गेल्या. ज्यांच्यावर नावाचं स्टिकर चिकटवलं होतं त्यांचं स्टिकर उकलताना वरचा चंदेरी पापुद्राही निघाला. बॉलपेननं लिहिलेल्या काही गेल्या. सीडीचा जीव वरच्या, लेबलच्या बाजूला असतो, लाखेच्या एका पातळ थराखाली, आणि आपण सगळेजण आयुष्यभर खालची चकचकीत बाजू जपत आलो. मामांच्या मार्करनं लिहिलेल्या, डब्याच्या तळाशी अंधारात राहिलेल्या बहुतेक वाचल्या, वेग कुठलाही असो.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी गिऱ्हाईकाला उगाच ताटकळत ठेवलं?"

मी म्हटलं, सुरुवातीला उगाच नव्हतं मामा, नंतर नंतर होतं.

"नंतर तर मी मुद्दामच आठनं मारायचो की," मामा म्हणाले आणि समोरच्या भिंतीकडं हात केला. "तुला काय वाटलं, ह्या फ्रेमा मी काय बोलून विकल्या? दहा मिनिटं बसला बाकड्यावर की माणूस फ्रेम बघणारच. बावन्नचा आला ना, तो तीन मिनिटांत डिस्क हातात द्यायचा आणि गिऱ्हाईक चाललं. फ्रेमांचा धंदा निम्म्यावर आला माझा."

मामेभाऊ काउंटरमागून म्हणाला, "आता व्हॉट्सॲपवर पाठवतो आपण फोटो. बाकडं काढून टाकू का?"

"हात लावू नकोस बाकड्याला," मामा म्हणाले.